हरिपाठ येतो ना, मग ध्यानही जमेल

ध्यान शिकायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिमालय तरी येतो, नाहीतर पुण्या-मुंबईतला महागडा वर्ग. "ते आपलं काम नाही, आपण माळकरी माणसं," असं मुक्ताईनगरपासून शिरपूरपर्यंत कितीतरी जण म्हणतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. ज्याला संध्याकाळचा हरिपाठ पाठ आहे, जो पाच वेळची नमाज पढतो, जो नवापूरकडच्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थनेला उभा राहतो, त्याच्याकडे ध्यानाचं निम्मं साहित्य आधीच आहे. उरलेल्या निम्म्यात दोनच गोष्टी येतात: श्वास थोडा संथ करायचा आणि भटकलेलं लक्ष न चिडता परत आणायचं. त्या दोन्ही घरच्या घरी शिकता येतात, पैसा लागत नाही.

हा लेख अगदी नव्याने बसणाऱ्यांसाठी आहे. मेंदूवर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो तेही सांगतो, पण आधी एक गोष्ट स्वतःच्या मनगटावर करून बघा.

आधी नाडी धरा

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं हलकी टेकवा. ठोके नीट लागायला लागले की सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश बाहेर सोडा. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. तरुण माणसाला हा फरक चटकन कळतो, वयानुसार तो पुसट होत जातो.

मेंदूच्या बुडापासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे. श्वास सोडताना तिचा हृदयावरचा अंमल वाढतो आणि ठोके मंदावतात. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो ६ वर आणला, म्हणजे एका श्वासाला १० सेकंद दिले, की श्वासाची लय आणि रक्तदाबाची आपसूक होणारी चढउतार एकमेकींशी जुळतात. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब ओळखणाऱ्या जागा असतात, त्या या लयीत जास्त चांगलं काम करतात.

इटलीतले डॉक्टर लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा कोणी न सांगता श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चपळ झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण म्हणण्याची लांबी सारखी. जपमाळेच्या त्या प्रार्थनेत अर्धा भाग पुढचा म्हणतो आणि अर्धा बाकीचे, म्हणजे प्रत्येकाला आलटूनपालटून विसावा मिळतो. आपल्याकडे विणेकऱ्याने चरण म्हटला की टाळकरी उचलतात, त्यातही हाच विसावा आहे. माळकऱ्याला ध्यान परकं वाटू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

मेंदूबद्दल किती मानायचं

मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत 'ध्यानाने मेंदू वाढतो' असं ठासून सांगितलेलं असतं. त्यामागे खरे अभ्यास आहेत. २००५ साली सारा लझार यांच्या गटाला, बरीच वर्षं ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूचा काही ठिकाणचा थर इतरांपेक्षा जाड दिसला. २०११ साली त्याच गटाला ८ आठवड्यांच्या वर्गानंतर १६ नवशिक्यांमध्ये आठवणींशी संबंधित भागात वाढ दिसली. पण २०२२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक माणसांवर तसाच ८ आठवड्यांचा वर्ग तपासला, तेव्हा मेंदूच्या रचनेत असा काहीच बदल आढळला नाही. तेव्हा दोन महिन्यांत मेंदू वाढेल या आशेने बसू नका.

मेंदूच्या कामकाजात होणारा फरक जास्त भरवशाचा आहे. आपण काहीच करत नसतो तेव्हाही मेंदूतला एक ठराविक गट चालूच असतो. कालचं भांडण, उद्याचा हप्ता, कापसाचा भाव, पोरीचं लग्न, हे सगळं तो घोळवत बसतो. शास्त्रज्ञ त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. येल विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात मुरलेल्या साधकांमध्ये हा गट ध्यानाच्या वेळी कमी चाललेला दिसला.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो २०१२ सालचा एमरी विद्यापीठातला अभ्यास. त्यात १४ साधक स्कॅनरमध्ये श्वासावर लक्ष ठेवून पडले होते. मन भटकल्याचं ध्यानात आलं की त्यांनी बटण दाबायचं. भटकताना मेंदूचे एक भाग चालू होते, 'अरे, भटकलो' हे कळताना दुसरे, आणि लक्ष परत आणताना तिसरे. म्हणजे मन भटकणं, ते कळणं आणि परत येणं ही एकच फेरी आहे, आणि सराव होतो तो या फेरीचा. मन भटकतं म्हणून 'मला ध्यान जमत नाही' असं समजणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

पायरी पहिली: ओळ ठरवा

श्वास सोडताना पाच-सहा सेकंदांत सावकाश म्हणून होईल अशी एकच ओळ घ्या. 'राम कृष्ण हरी' उत्तम. गुरूने दिलेला मंत्र असेल तर तोच. तस्बीहवर जो जिक्र करता तोही चालतो, येशूचं नावही चालतं. देवावर विश्वास नसेल तर 'एक' म्हणा. हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७० च्या दशकात प्रार्थना आणि ध्यान यांतून शरीराला मिळणारी विश्रांती मोजली, तेव्हा लोकांना हाच साधा शब्द इंग्रजीत म्हणायला दिला होता. एकदा ठरवलेली ओळ निदान दोन महिने बदलू नका.

पायरी दुसरी: जागा आणि वेळ

इथे पुस्तकी सल्ला कामाचा नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी पंख्याखालीही जीव घाबरा होतो. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधीची वेळ धरा. धाब्याचं घर असेल तर धाब्यावर, नाहीतर गच्चीवर, अंथरूण गुंडाळलं की तिथेच. थंडीत देवघरासमोर किंवा ओट्यावर.

शेताच्या लाईटची पाळी रात्री असेल तर पहाटेचा हट्ट नको. रात्रभर पाणी भरून आलेल्या माणसाला आधी झोप हवी. त्याने झोपून उठल्यावर, चहाआधी बसावं. बायकांना सकाळ मिळत नाही, त्यात ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर नाहीच. त्यांना मी संध्याकाळचा दिवा लावल्यानंतरची वेळ सुचवतो, कारण तेव्हा हात जोडून उभं राहायची सवय असतेच. त्याला पाच मिनिटं जोडायची. घरच्यांनी तेवढा वेळ 'अहो, जरा ऐका', 'आई, माझा डबा' एवढंही करू नये. हे घरातल्या कर्त्या माणसाने बाकीच्यांना बजावून सांगावं.

जेवल्याबरोबर बसू नका, झोप येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ध्यानासाठी उपाशीही राहू नका.

पायरी तिसरी: बसणं

मांडी जमत असेल तर ढुंगणाखाली घडी घातलेली गोधडी घ्या, म्हणजे गुडघे खाली येतात आणि कंबर ताठ राहते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा. बाजेवर बसू नका, ती मध्ये खोलगट होते आणि पाठ वाकते. डोळे मिटले की अस्वस्थ वाटत असेल तर ते अर्धवट उघडे ठेवून समोरच्या फरशीकडे बघा.

पायरी चौथी: माळ, पण संथ

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शब्द न म्हणता चार सेकंद श्वास आत घ्या, नाकाने. मग सहा सेकंद सोडत सोडत, अगदी हलक्या आवाजात किंवा मनातल्या मनात: राम... कृष्ण... हरी. 'हरी'चा शेवट होईस्तोवर श्वास संपतो. मणी ओढा. पुन्हा आत.

एका मण्याला १० सेकंद, म्हणून १०८ मण्यांची पूर्ण माळ १८ मिनिटांत होते. बरेच जण एरवी तीच माळ पाच मिनिटांत उरकतात. त्या जपाचं पुण्य किती हे मी ठरवणार नाही, पण श्वासाला त्याचा फायदा होत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याने पूर्ण माळेच्या नादी लागू नये. मेरुमण्यापासून २७ मणी मोजा आणि तिथे लाल दोरा बांधा. तिथून पुढचे २७ मोजून, म्हणजे ५४ व्या मण्यापाशी, दुसरा दोरा. पहिले दोन आठवडे पहिल्या दोऱ्यापर्यंत, म्हणजे साधारण साडेचार मिनिटं. पुढचे दोन आठवडे दुसऱ्या दोऱ्यापर्यंत, नऊ मिनिटं. मग झेपेल तशी पूर्ण माळ. ३३ मण्यांची तस्बीह असेल तर एका फेरीला साडेपाच मिनिटं लागतात, सुरुवातीला तेवढं पुरे. माळ हातात असली की घड्याळाकडे बघावं लागत नाही, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवता येतो, हा मोठाच फायदा.

श्वास संथ करायचा आहे, मोठा नाही. छाती फुगवून ओढायला लागलात की चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर ताबडतोब नेहमीसारखा श्वास घ्या, दुसऱ्या दिवशी कमी हवा घ्या. चार आणि सहा सेकंद जमत नसतील तर तीन आणि चार करा. दमा असणाऱ्यांनी, हृदय कमजोर असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास मुळीच रोखून धरू नये, सहज जमेल तेवढंच करावं.

ॐकार किंवा भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम) करणाऱ्यांसाठी एक जोड: गुंजारव करताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत श्वासाच्या तुलनेत १५ पट वाढतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. गुंजारवाने सायनसमधली हवा खेळती राहते.

पायरी पाचवी: मन पळालं की

तिसऱ्या-चौथ्या मण्याला मन पळेल. "भाऊ, मन्हं मन जागावर ऱ्हास नही," ही तक्रार मी सगळ्यांत जास्त ऐकतो, आणि ती करणारा माणूस बहुतेक वेळा नीटच बसलेला असतो. पळालेलं मन त्याला दिसलं, म्हणून तर तो सांगतोय. शेताला पाणी भरताना सरी फुटली की आपण पाण्याला शिव्या देत नाही, फावड्याने माती ओढतो आणि धार वळवतो. इथेही तेवढंच करायचं. कळलं, की पुढच्या मण्यावर या. मागचे किती मणी बेभानपणे गेले याचा हिशोब नको, माळ पहिल्यापासून सुरू करू नका.

रडू आलं तर येऊ द्या. घरात कुणी गेलं असेल, पीक गेलं असेल, तर शांत बसल्यावर ते वर येतंच. थोडं रडून मोकळं वाटत असेल तर काळजी नाही. पण रोज बसल्यावर घाबरं व्हायला होत असेल, जुना प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडाली असेल, तर बसणं थांबवा. नेटाने करत राहिलं की जाईल, असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. पूर्वी भास झाले असतील, कधी मनोविकाराचे उपचार घेतले असतील, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर माळ बाजूला ठेवा, आधी हा नंबर फिरवा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

पायरी सहावी: उठणं

शेवटचा मणी झाला की मिनिटभर तसेच बसा, मग हातापायांची बोटं हलवा, मग उठा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने झटकन उभं राहू नये, तोल जातो.

फायदा कसा मोजायचा

पहिल्या आठवड्यात डोक्यातला गोंगाट वाढल्यासारखा वाटतो. तो आधीही होता, आता ऐकू येतोय. बऱ्याच जणांना सगळ्यांत आधी फरक कळतो तो झोपेत आणि चिडण्यात. सून किंवा नवरा सांगतो, "आजकाल ओरडत नाहीत." मी तरी हे माप मानतो.

रक्तदाब बघायचा असेल तर नीट मोजा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवी करून या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पट्टा दंडावर, दंड छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. जपाआधीचा आकडा लिहा, जपानंतर लगेच मोजलेला कमी आकडा बघून खूश होऊ नका, तो तात्पुरता असतो. आठ आठवड्यांची वही डॉक्टरांना दाखवा.

नियमित ध्यानाने वरचा रक्तदाब कमी होतो तो सरासरी चार-पाच अंकांनी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली सगळे अभ्यास तपासून सांगितलं की हृदयविकाराचा धोका कमी करायला ध्यानाची जोड देता येईल, पण नेहमीच्या उपचारांच्या सोबत. १६० चा रक्तदाब १५५ झाला तरी तो जास्तच आहे. जप सुरू केला म्हणून गोळी बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांतल्या एका काकांचा हात आज उचलत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहायलाच हवं. गोळी डॉक्टरच कमी करतील. आणि जेवताना बिबड्या, पापड, लोणचं, शेवभाजी यांतलं मीठ आवरा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि आपल्या ताटात ती सहज ओलांडली जाते.

चिंता, उदासी आणि दुखणं यांवरचा पुरावा रक्तदाबापेक्षा बरा आहे. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसं एकत्र धरून पाहिलं, तेव्हा या तिन्हींत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. मात्र व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस आहे असं दिसलं नाही. म्हणून जपाबरोबर रोजचं चालणं हवं. मुक्ताईच्या पालखीबरोबर महिनाभर पंढरीच्या वाटेला लागणाऱ्यांना चालणं, गाणं आणि सोबत एकदम मिळते. बाकीच्यांनी गावातल्या भजनी मंडळाला जावं. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी घरच्या जपाआधी मंडळाचं नाव सांगतो.

दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात: "आमच्या बाबांच्या ऑपरेशनसाठी आम्ही नवस केला, पारायण केलं, त्याने फरक पडतो का?" अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर याची चाचणी झाली, निकाल २००६ साली छापून आला. अनोळखी माणसांनी दुरून प्रार्थना केल्याने रुग्णांच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, तर न सांगितलेल्यांत ५२ टक्के. एवढी प्रार्थना लागतेय म्हणजे आपलं काही खरं नाही, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक अंदाज संशोधकांनी मांडला.

मला त्यातून घेण्यासारखं एवढंच दिसतं. प्रार्थना जरूर करा, ती तुमचं मन धरून ठेवते आणि रुग्णाजवळ शांतपणे बसायचं बळ देते. पण रुग्णाला तिचं दडपण देऊ नका. त्याच्या उशाशी बसा, हात हातात घ्या, गोळ्यांची वेळ सांभाळा. नवस फेडायला पैसे लागणार असतील तर आधी औषधाचे बाजूला काढा.

पुढे जायचं असेल तर

तीन-चार महिने रोजचं बसणं टिकलं आणि आणखी शिकावंसं वाटलं, तर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर आहे. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत असतं, भुसावळ-जळगावहून रेल्वेने थेट जाता येतं. पण धुळ्याजवळ तिखी इथेही धम्म सरोवर हे केंद्र आहे. फी नसते, शिबिर संपल्यावर इच्छेनुसार दान देता येतं. पहाटे चारला उठवतात, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, बोलणं बंद, फोन जमा. माळकऱ्यांनी एक गोष्ट जाण्याआधीच समजून घ्यावी: त्या दहा दिवसांत जप, माळ, पूजा, नमाज बाजूला ठेवायला सांगतात. ते मनाला पटणार नसेल तर जाऊ नका, घरची माळ चालू ठेवा, त्यात काही कमी नाही. जाणार असाल तर कापूस वेचणी आणि केळीची कापणी बघून तारीख निवडा, घरी दहा दिवसांची सोय लावा, आणि अर्जात विचारलेले आजार व चालू गोळ्या एकही न लपवता लिहा.